गोठ्यातली घागर आपोआप का तडकली?



सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका ताईंचे पत्र पुढ्यात आहे. त्यांच्या घरी सासूबाईंच्या लग्नात आंदणात आलेली पितळी घागर होती. स्टीलची भांडी घरात आली तशी ती वापरातून गेली आणि गोठ्याच्या कोपऱ्यात एका फळीवर पालथी घालून ठेवली गेली. दिवाळीच्या तोंडावर चिंच लावून घासायला काढली, तर गळ्याशी वीतभर तडा! सासूबाईंचे म्हणणे असे, की सुनेच्या हातून पडली असणार आणि ती सांगत नाही. ताई लिहितात, "मी तिला हातसुद्धा लावला नव्हता. भांडे ठेवल्या जागी फुटते का? तुम्ही सांगाल तर घरातला अबोला संपेल."

ताई, फुटते. पितळेचे भांडे ठेवल्या जागी फुटते, आणि गोठ्यात तर हमखास फुटू शकते. पण नुसते एवढे लिहून सासूबाईंची समजूत पटायची नाही. त्यांनी साठ वर्षे पितळ हाताळले आहे. तेव्हा जरा मुळापासून सांगतो, आणि त्यांनाही शेजारी बसवून वाचा.

आधी घरातली जस्ताची बादली उन्हात धरा. नवी असली तर उत्तम. तिच्या अंगावर पिसांसारखे, फुलांसारखे लहानमोठे पट्टे दिसतील. एक चकचकीत, शेजारचा मंद. ती रंगाऱ्याची नक्षी नव्हे. लोखंडी पत्रा वितळलेल्या जस्तात बुडवून काढला, की वरचे जस्त निवताना ठिकठिकाणी गोठू लागते, आणि प्रत्येक ठिकाणाहून एक स्फटिक वाढत जातो. दोन स्फटिक एकमेकांना भिडले की वाढ थांबते. तोच तो पट्टा. धातू आपल्याला सलग वाटतो, पण तो असा दाण्यादाण्यांचा बनलेला असतो. पितळ, लोखंड, तांबे, सगळ्यांचे तेच. फक्त त्यांचे दाणे फार बारीक असतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत त्यांचा आकार असतो, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

घरात तूप कढवणाऱ्या बायांना हे सांगायलाच नको. तूप सावकाश निवू दिले तर छान रवाळ होते, घाईने गार केले तर रवा बारीक पडतो. धातूचेही तसेच. ओतल्यावर हळू निवला तर दाणा मोठा, झटकन निवला तर दाणा बारीक.

आता आपल्या धानाच्या शेताकडे या. सडकेवर उभे राहून साकोलीकडे किंवा देवरीकडे नजर टाकली तर काय दिसते? बांध्या आणि बांध्यांमधले धुरे. धातूच्या आतले चित्र हुबेहूब असेच आहे. एकेक दाणा म्हणजे एकेक बांधी, आणि दोन दाण्यांमधली हद्द म्हणजे धुरा. शास्त्राच्या पुस्तकांत तिला कणसीमा म्हणतात. आपण धुराच म्हणू.

प्रत्येक दाण्याच्या आत धातूचे अणू ओळीने मांडलेले असतात, जसे नांगराचे तास. पण शेजारच्या बांधीतले तास निराळ्या दिशेने गेलेले. एकीत उभे, दुसरीत आडवे, तिसरीत तिरपे. धुऱ्यावर मात्र कोणतीच ओळ नीट बसत नाही. तिथे अणू थोडे विस्कटलेले, थोडे सैल. पुढचे सगळे या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

पत्रा वाकवला की काय होते? दाण्याच्या आतले अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. घसरण एकदा सुरू झाली की तासातासाने पुढे जाते आणि धुऱ्याला येऊन अडते, कारण पलीकडचे तास निराळ्या दिशेचे आहेत. म्हणून जितके धुरे जास्त, तितकी अडवणूक जास्त आणि धातू तितका बळकट. दाणे बारीक म्हणजे धुरे पुष्कळ. इंग्लंडात हॉल यांनी १९५१ साली आणि पेच यांनी १९५३ साली याचे गणितच मांडले. दाण्याची रुंदी पावपट केली, तर धुऱ्यांमुळे मिळणारे बळ दुप्पट होते. त्याच्यात काही न मिसळता, नुसता दाणा बारीक करून!

आपल्या लोहाराला हे गणित ठाऊक नसेल, पण गोष्ट ठाऊक असते. सडकेवरच्या ट्रकांच्या जुन्या कमानींचे पट्टे आणून त्यांच्या कुऱ्हाडी, कोयते घडवणारे कारागीर पुष्कळ ठिकाणी आहेत. पट्ट्याचा तुकडा मोडला की जाणता लोहार मोडलेली बाजू उजेडात धरून पाहतो. ती बारीक, राखाडी, मखमलीसारखी दिसली तर माल चांगला. साखरेच्या दाण्यांसारखी चमकली तर लोखंड जास्त तापवले गेले आहे, दाणा फुगला आहे, आणि अशी कुऱ्हाड बाभळीच्या गाठीवर दगा देणार. नुसता दाणा फुगला असेल तर पुन्हा योग्य लाल ताव देऊन तो बारीक करता येतो. पण पांढरा ताव होऊन लोखंडातून फुलबाज्यांसारख्या ठिणग्या उडू लागल्या, तर धुरेच जळाले समजा. त्याला उपाय नाही. भात्यावर पोराला बसवून लोहार चहाला गेला असेल, तर आपला विळा आपणच बाहेर काढलेला बरा.

तर धुरा बळ देतो. मग घागर धुऱ्यावरून का फुटावी?

याचेही उत्तर बांधीतच आहे. धुरा पाणी अडवतो, माणसाचे ओझे पेलतो, बैलही त्यावरून जातो. पण खेकड्याने बीळ केले की तोच धुरा एका रात्रीत फुटतो आणि रोवणी वाहून जाते. खेकडा बांधीच्या मधोमध घर करीत नाही, तो धुराच पोखरतो. धातूचेही असेच आहे. बाहेरून येणारी द्रव्ये दाण्याच्या घट्ट रांगांत सहसा शिरत नाहीत. अणू सैल असतात तिथे, म्हणजे धुऱ्यावर, त्यांना वाट मिळते.

पितळेच्या बाबतीत हा खेकडा म्हणजे अमोनिया वायू. सकाळी गोठ्याचे दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात आणि नाकात उग्र वास शिरतो, तोच हा. जनावरांच्या मुतातला युरिया शेणातल्या जंतूंमुळे कुजतो आणि त्यातून तो निघतो. पावसाळ्यात गोठा कोंदट असतो, हवा ओली असते, भांड्यावर दमटपणा बसतो. त्या ओलाव्यात अमोनिया विरघळतो, आणि असे पाणी पितळेतले तांबे हळूहळू खाऊ लागते.

हे कळायला फार दिवस लागले, आणि त्याची गोष्ट आपल्याच देशात घडलेली आहे. इंग्रजांच्या राजवटीत फौजेच्या काडतुसांची टरफले पितळेची असत. पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि दारूगोळा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवला जाई. पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्यात, तर कितीतरी काडतुसे तडकलेली. कोणी आपटली नाहीत, कोणी हाताळली नाहीत. साहेब लोकांनी या रोगाला नावच दिले 'हंगामी तडा', कारण तो पावसाळ्याच्या हंगामात येई. त्या वेळी किती शिपायांवर आणि कोठारवाल्यांवर हलगर्जीपणाचा ठपका आला असेल, देव जाणे. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ साली कारण उलगडले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि टरफलाच्या अंगात राहिलेला ताण, या दोहोंनी मिळून ते काम केले होते.

हा ताण म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण नुसता अमोनिया तडा पाडीत नाही.

आपला सडक अर्जुनीचा मुलूख १ मे १९९९ ला गोंदिया जिल्ह्यात गेला. त्याआधी आपण सगळे भंडारा जिल्ह्याचे, आणि भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचे गाव. त्याचे जुने नाव भाणारा, आणि ते पितळेवरूनच पडले असे मानतात. आपल्या भागातल्या किती घरांतली लग्नाची भांडी तिथल्या कासारांच्या हातची असतील! कासार पितळेचा पत्रा घेऊन तो ठोकतो, वळवतो, गळा आवळतो, मग मठारतो. हातोडीच्या प्रत्येक घावाने आतले दाणे चेपतात, ताणले जातात, त्यामुळे भांडे कडक होते. मठारलेले भांडे टणक लागते ते यामुळे. मधूनमधून कासार भांडे भट्टीत धरतो. उष्णतेने चेपलेल्या दाण्यांच्या जागी नवे ताजे दाणे उगवतात आणि पितळ पुन्हा मऊ पडते. जास्त तापले तर हे दाणे फुगतात. मग पुढे पत्रा ओढताना त्याचे अंग संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत होते. जुने कासार त्या सालीला फार नाक मुरडतात.

पण शेवटचा हात हातोडीचाच असतो. त्यामुळे तयार भांड्यात, विशेषतः जिथे पत्रा सर्वांत जास्त आवळला किंवा वाकवला गेला तिथे, म्हणजे गळा, काठ, बुडाची कड या जागी, ताण कोंडून राहतो. भांडे फळीवर शांत बसलेले दिसते, पण आतून ताणलेल्या धनुष्यासारखे असते. असा ताण आणि ओलसर अमोनिया एकत्र आले, की धुऱ्यावर सूक्ष्म भेग पडते. ताण ती उघडी ठेवतो, अमोनिया आत शिरतो, भेग पुढे सरकते. दाण्यांना वळसे घालीत, बहुतेक वेळा धुऱ्याधुऱ्यानेच. एका दिवशी टिचकीसारखा आवाज येतो आणि वीतभर तडा दिसतो. आवाज ऐकायला गाईशिवाय कोणी नसते.

इथे सासूबाई विचारतील, "मग गाईच्या गळ्यातली घंटी जन्मभर गोठ्यात असते, ती का तडकत नाही?" प्रश्न रास्त आहे. घंटी बहुधा ओतीव असते. साच्यात ओतली, निवली, झाले. तिच्यावर नंतर हातोडा चालत नाही, म्हणून तिच्यात ताण फारसा कोंडलेला नसतो. देवघरातली ओतीव समई, घंटा यांनाही भीती कमी. निखळ तांब्याचा हंडा तर या रोगाला जवळजवळ दाद देत नाही. पितळेत जस्त जितके जास्त, तितका धोका जास्त. जस्त शेकडा १५ पेक्षा कमी असेल तर काळजी नाही, पण भांड्यांच्या पितळेत ते सहसा शेकडा ३० ते ४० असते.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी अबोला धरला गेला आहे. घागर पडून फुटली की ठेवल्या जागी, हे ओळखता येते. पडलेल्या भांड्याला पोचा येतो. तडा पोच्याजवळ असतो, आणि त्याच्या कडा आत किंवा बाहेर वळलेल्या, ताणून पातळ झालेल्या असतात. अमोनियाने पडलेल्या तड्याजवळ पोचा नसतो. तडा केसासारखा बारीक सुरू होतो, बहुधा गळ्याशी किंवा काठाशी. कडा वळलेल्या नसतात; दोन्ही बाजू जुळवल्या तर कोऱ्या पावासारख्या एकमेकींत बसतात. कधी मुख्य तड्याला बाजूने बारीक फाटे फुटलेले असतात. आसपास काळपट किंवा निळसर हिरवा डाग असतो. ताई, तुमच्या पत्रात "तड्याजवळ कुठे चेपलेले नाही" अशी ओळ आहे. ती मी दोनदा वाचली. घागर उजेडात आणा, सासूबाईंच्या हाती द्या आणि त्यांच्याच बोटांना तो गळा चाचपू द्या.

घागर गेली ती गेली. पण या निमित्ताने दुसऱ्या एका वस्तूकडे बघा, कारण तिच्यात माणसाचा जीव गुंतला आहे. ती म्हणजे फवारणीचा पितळी पंप. आता प्लास्टिकचे, बॅटरीचे पंप आले, तरी जुने पितळी पंप घराघरांत पडून आहेत, आणि नव्यांचेही नोझल, नळी यांसारखे भाग पुष्कळदा पितळी असतात. पंप कुठे ठेवलेला असतो? जिथे युरियाच्या आणि डीएपीच्या गोण्या रचल्या आहेत त्याच खोलीत, नाहीतर गोठ्यात. फाटक्या गोणीतला युरिया ओल धरतो आणि हळूहळू अमोनिया सोडतो. शिवाय काही जण त्याच पंपाने युरियाचे पाणी फवारतात आणि तसाच लटकवून देतात. हातपंपाच्या टाकीत हवा दाबून भरतात, म्हणजे वरून आणखी ताण. ती टाकी धुऱ्यावर पोखरलेली असेल तर ऐन फवारणीत फुटेल, आणि आत पाणी नसते, विषारी औषध असते, तेही पाठीवर.

तेव्हा हंगामाच्या आधी पंपात फक्त साधे पाणी भरा, दाब द्या, जमिनीवर ठेवा आणि पाच-सात पावले दूर उभे राहा. मग दाब सोडून सगळ्या जोडांवर, गळ्यावर, बुडाच्या कडेवर सुके कापड फिरवा. कुठे ओल आली, केसासारखी रेघ दिसली, तर तो पंप वापरू नका. डाख लावून चालवू असे मनात आणू नका. ताण आत तसाच असतो. डाखाशेजारी तडा पुन्हा पडतो, आणि ताणलेल्या पितळेच्या धुऱ्यांत वितळलेले कथीलसुद्धा शिरून नवी भेग पाडू शकते. चांगला पंप असेल तर काम झाल्यावर तीन वेळा धुवा, पालथा घालून वाळवा, आणि खत व जनावरे यांच्यापासून लांब, वारा लागेल अशा जागी टांगा.

कारखान्यात या रोगाचा उपाय सोपा आहे. घडवलेली वस्तू सुमारे २५० ते ३०० अंश उष्णतेत तासभर ठेवतात. एवढ्याने ताण सैल होतो, आणि दाणे फुगत नाहीत, म्हणून कडकपणाही राहतो. हे वाचून कोणी घरची भांडी चुलीवर ठेवू नका बरे! चुलीची आच एका जागी जास्त, दुसरीकडे कमी; ताण उलट वाढेल. शिवाय आतून कल्हई असेल तर कथील २३२ अंशांना वितळते, सगळी कल्हई ओघळून बुडाशी जमा होईल. कल्हईवाला भांडे फिरवून फिरवून तापवतो, त्यात ताण थोडाफार निवळतोही. पण त्याचा नवसागर हाही अमोनियाच्याच घराण्यातला. कल्हई करून आणलेले भांडे बाहेरूनही स्वच्छ धुवावे, ही आजीची रीत त्यामुळे बरोबर ठरते.

जाता जाता लोखंडाचीही एक गोष्ट सांगतो, कारण तिचे एक टोक आपल्या शेजारी आहे. लोखंडात गंधक राहिले की ते धुऱ्यांवर जाऊन बसते आणि तिथे लवकर वितळणारा पापुद्रा तयार होतो. असे लोखंड लाल करून ठोकले की भाकरीसारखे फाटते. बेसेमर साहेबाच्या पोलादाची सुरुवातीला हीच अडचण होती. १८५६ च्या सुमारास मुशेट याने त्यात मँगनीज मिसळण्याची युक्ती काढली. मँगनीज गंधकाला आपल्याकडे ओढून घेते आणि त्याचे सुटे गोळे करते, धुरे मोकळे राहतात. आज जवळजवळ प्रत्येक पोलादात मँगनीज असते, तुमच्या विळ्यातही. आणि मँगनीज कुठे निघते? भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींत. तुमसरकडे सोयरीक असेल तर विचारा, तिथल्या कितीकांची हयात त्या खाणींत गेली आहे.

धुरेच नकोत, असेही एक काम आहे. विमानाच्या इंजिनात इतकी उष्णता असते की धातूचे धुरे मऊ पडून पाती हळूहळू लांबत जातात. म्हणून अशा काही पात्यांत एकही धुरा ठेवीत नाहीत. अख्खे पाते म्हणजे एकच दाणा, जणू एकाच बांधीचे शेत. हैदराबादच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० पाती बनवून २०२१ साली दिली. आपल्या विळ्या-कुऱ्हाडीला मात्र धुरे हवेत, आणि पुष्कळ हवेत.

ताई, तुमच्या घागरीचे आता असे करा. तिच्यात पाणी भरू नका, डाख लावू नका. कासाराकडे मोडीत घाला. पितळ वितळले की जुने दाणे, जुने धुरे, कोंडलेला ताण, सगळे नाहीसे होते आणि निवताना नवे दाणे धरतात. मोडीच्या बदल्यात सासूबाईंच्या पसंतीचे एखादे ओतीव भांडे घ्या आणि ते स्वयंपाकघरात ठेवा. गोठ्यात आणखी काही पितळ राहिले असेल, तर तेही आजच्या आज उचला. कोणी उचलायचे, सासूने की सुनेने, हे मात्र या सदरात सांगता येत नाही. पुढच्या पत्रात तुम्हीच कळवा.